मास्तरांची संथ नाडी

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजायला नको. नवरा मरणाच्या वाटेला लागला होता, तेव्हा मी त्याची नाडी मोजून पैज जिंकले होते.

त्याचं असं झालं. मी तेव्हा विशीची, अंगाने हडकुळी आणि तोंडाने घरातल्या सगळ्यांपेक्षा मोठी. आमच्या बोळात कीर्तनाला आलेल्या बुवांनी सांगितलं, माणसाला श्वास मोजून मिळतात. योगी ते जपून खर्च करतात, म्हणून शंभरावर जगतात. मी घरी येऊन विचार केला. विचार करायची ही माझी बहुधा पहिलीच खेप असावी. श्वास मोजलेले, तर नाडीचे ठोकेही मोजलेलेच असणार. मग ज्याची नाडी संथ, तो जास्त जगणार. झालं! रविवारी पुरुषमाणसं घरी होती. मी बोळातल्या बायकांशी पैज लावली, माझाच नवरा सगळ्यांत जास्त जगणार, आणि फर्मान काढलं. प्रत्येकीने नवऱ्याचं मनगट धरायचं, मी जात्यावरची एक ओवी म्हणणार, ओवी संपेपर्यंत किती ठोके पडतात ते मोजायचं.

शेजारच्या नरसम्माचा नवरा मागावर काम करायचा. त्याचे ठोके सगळ्यांत जास्त भरले. ती कपाळाला हात लावून बसली. "अय्यो, माजा मानूस तर दिवाळीपत्तर पन पुरनार नाय!"

आमच्या मास्तरांचे ठोके तिच्या नवऱ्याच्या निम्मेही नव्हते. मी दोनदा मोजले. मग पदर खोचून सगळ्या बोळात चिमूट चिमूट साखर वाटली. मास्तर उंबऱ्यात उभे राहून हसत होते. "म्हणजे मी तुला लवकर सोडत नाही म्हण की!"

नरसम्माचा नवरा पुढे पणतू मांडीवर घेऊन, दात पडेपर्यंत जगला.

हे आज लिहायचं कारण शेजारची सून. तिच्या नवऱ्याच्या छातीत डॉक्टरांनी हल्ली एक यंत्र बसवलंय. ते काळजाला हाकत राहतं म्हणे. ती रोज येऊन विचारते, "आजी, तुम्हाला भीती नव्हती वाटली?" वाटली होती गं बाई. औषधातलं मला काही कळत नाही. घरात काय काय होतं, तेवढं सांगते.

कोण पडलं?

आमचे मास्तर म्युनिसिपालटीच्या शाळेत होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे मामंजी, तालमीत पोरांना डाव शिकवायचे. सही म्हणून अंगठा, पण मांडी अजून दगडासारखी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघं आणि नुकती पावलं टाकायला लागलेली गिरिजा.

संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा असते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. त्यात नंदीध्वज निघतात. दुमजली घराच्याही वर जाईल एवढी उंच काठी, तिचा बुडखा कमरेच्या चामडी पट्ट्यात रोवून एकटा माणूस ती उचलून चालतो. भोवती दोघे-चौघे सावरायला असतात, पण भार एकट्याचा. रस्त्यातल्या एका वळणापासून पुढल्या वळणापर्यंत काठी आमच्या घराने धरायची, असा मान होता. आधी मामंजींनी धरली, मग मास्तरांनी. मामंजींना देवाने एवढंच दिलं होतं आणि त्यांना ते पुष्कळ होतं.

त्या वर्षी श्रावणात मास्तर शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता कोसळले. नंतर घरी एकदा. मग सरावाच्या मैदानात. सरावाची काठी त्यांच्याकडून नुकतीच दुसऱ्याच्या कमरेला गेली होती. चार पावलं आधी पडते तर काय झालं असतं, हे त्या दिवशी कुणीच मोठ्याने बोललं नाही.

पडायचे तेव्हा तोंड राखेसारखं व्हायचं. डोळे वर, हातपाय झटकायचे. आणि मग एकाएकी कपाळापासून गळ्यापर्यंत सगळा चेहरा लालभडक व्हायचा, की डोळे उघडून विचारायचे, "कोण पडलं?"

लोक म्हणाले, फेफरं. कांदा फोडून नाकाशी धरला, चप्पल हुंगवली. मामंजींनी अंगारा आणला. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, आणि बदाम उगाळत बसले. ज्याला जे ठाऊक होतं ते त्याने केलं. त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

शेवटी गावातल्या एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घड्याळ काढून मनगट धरलं. बराच वेळ धरलं. मग मास्तरांच्या मानेवरच्या शिरेकडे बघत बसले. मला राहवेना. मी अभिमानाने सांगितलं, "डॉक्टरसाहेब, नाडी पहिल्यापासनं अशीच आहे, फार चांगली. आमच्या बोळात एवढी संथ नाडी कुणाची नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मिठाचं पाणी

काळजाचं चालणं कागदावर उतरवणारं यंत्र तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. गिरिजाला नरसम्माकडे ठेवून आम्ही दोघं आगगाडीने गेलो.

मला वाटलं होतं, सुया असतील, सुऱ्या असतील. खोलीत पाहते तर पाण्याची भांडी! मास्तरांना खुर्चीवर बसवलं, एक हात एका भांड्यात, दुसरा दुसऱ्यात, डावा पाय तिसऱ्यात. पाण्यात मीठ घातलेलं. भांड्यांतून तारा निघून पलीकडच्या यंत्रात गेलेल्या. मीठ म्हटल्यावर माझी अक्कल पुन्हा चालली. मी मास्तरांच्या कानाशी पुटपुटले, "हे दृष्ट काढतायत वाटतं. मोहऱ्या विसरले. सांगू का?"

मास्तरांना हसू आवरेना. ते हलले, यंत्र बिघडलं, आणि तिथल्या माणसाने मला बाहेर घालवलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. आतून मास्तरांच्या हसण्याचा आवाज थांबला, मग नुसती यंत्राची घरघर. तेवढ्यात मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपण आत नसताना आपल्या माणसाचं काहीतरी मोजलं जातंय, ही भीती. शेजारच्या सुनेला सांगते, ती भीती सगळ्यांना वाटते. बाकावर बसल्या बसल्या वाटते. त्याला काही उपाय नाही, बाक घट्ट धरून बसायचं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि एक लांब फीत पाकिटात घालून दिली. काळसर, फोटोच्या कागदासारखी गुळगुळीत. गाडीत मास्तरांनी ती एकदाच काढली, बघितली, आणि पुन्हा ठेवली.

वरची खोली, खालची खोली

सोलापूरला आमच्या डॉक्टरांनी ती फीत मेजावर पसरली. मला वाटलं, मला बाहेर जा म्हणतील. त्यांनी उलट खुर्ची पुढे ओढली.

"हे लहान लहान उंचवटे दिसतात ना? काळजाला वरच्या खोल्या असतात आणि खालच्या. वरची खोली हलली की हा लहान उंचवटा येतो. मग तिथून खाली निरोप जातो. तो पोचला की खालची खोली जोरात आवळते, तेव्हा हे उंच टोक येतं. चांगल्या काळजात प्रत्येक लहानामागे एक मोठं. ठरल्या अंतराने."

"आणि यांच्या?"

"तुम्हीच बघा."

मी वाकून बघितलं. लहान उंचवटे एकसारख्या अंतराने चालले होते, शहाण्या मुलांसारखे. उंच टोकंही एकसारख्या अंतराने होती, पण फार लांब लांब. आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. लहान उंचवटा कधी टोकाच्या आधी, कधी नंतर, कधी टोकाच्या पोटातच दडलेला.

"निरोप पोचतच नाही," डॉक्टर म्हणाले. "एकही नाही. खालची खोली वाट बघून बघून आपल्या मनाने चालते, म्हणून इतकी सावकाश. आणि मधूनच तीही थांबते. तेव्हा मास्तर पडतात."

मी म्हटलं, "म्हणजे सासू वरनं हाका मारतेय आणि सून खाली आपल्या मनाने दळतेय."

डॉक्टर मास्तरांकडे बघून म्हणाले, "मला हे शिकायला दोन वर्षं लागली."

"तिला सासू नाही, म्हणून लवकर कळलं," मास्तर म्हणाले.

आम्ही तिघंही हसलो. आणि त्या हसण्यातच मला कळलं की मी ज्या नाडीची साखर वाटली ती ही. संथ नव्हती ती. एकटी पडली होती.

इलाज विचारला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. छाती धडधडेल, झोप उडेल, पण पडणं कमी होईल कदाचित, म्हणाले. त्यापुढचा इलाज अजून कुणाला सापडलेला नव्हता.

मास्तरांनी एकच विचारलं. "संक्रांतीला काठी धरू का?"

"काठी धरल्याने पडाल असं नाही. झोपेतही पडाल. पण पडायच्या आधी तुम्हाला काही कळतं का?"

"नाही."

मास्तरांनी फितीची नीट घडी केली.

व्हय, तसंच सांगा

त्या संध्याकाळी मामंजी ओट्यावर बसले होते. मास्तरांनी उभ्या उभ्या सांगितलं.

"मुंबईला जाऊन पान्यात हात बुडवून आलास," मामंजी म्हणाले, "अन कागुद घिऊन आलास. कागदाला काय कळतंय? तुजी छाती मी घडवलीया."

"बाबा, मी पडलो तर उचलायला तुमी हाय की. काठी पडली तर खाली लेकरं असत्यात."

"आपल्या घरानं आजवर काठी पाडली न्हाय."

"म्हणूनच."

"मग गावाला काय सांगू? पैलवानाचा पोरगा भ्याला म्हणून?"

"व्हय. तसंच सांगा."

मामंजी उठले, डोक्याला पटका गुंडाळला आणि निघून गेले. परत आले ते मुके होऊन. माझ्याशी बोलायचे, गिरिजाशी बोलायचे, मास्तरांशी नाही. मास्तर हातभर अंतरावर बसलेले असले तरी म्हणायचे, "सूनबाई, त्याला सांग, कंदिलात तेल न्हाय." मास्तर म्हणायचे, "बाबांना सांग, ऐकलं." मी मधली डाकवाली. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. मी मुद्दाम निरोप उलटे द्यायची, "मामंजी म्हणतायत, तुम्ही फार गोरे दिसता आज." मास्तर हसायचे. मामंजींच्या मिशीखाली काही हलायचं नाही.

काठी मंद्रूपच्या चुलत दिराकडे गेली. संक्रांतीला मामंजींनी पांढरी बाराबंदी घातली, बोळातल्या प्रत्येकाला तिळगूळ दिला. शेवटी माझ्या हातावर एक वडी ठेवली. "ही त्याला दे." पुढचे शब्द सगळ्या गावाला पाठ असतात. ते त्यांनी म्हटले नाहीत.

काठी आमच्या बोळाच्या तोंडावरून गेली तेव्हा मास्तर गिरिजाला घेऊन पायरीवर बसले होते. लोक हर्र बोला म्हणत होते. मामंजी काठीबरोबर चालत गेले, इकडे बघितलं नाही. मास्तरांची नजर वर, काठीच्या शेंड्यावर. "रडू नको," मला म्हणाले. "शेंडा बघ. किती सरळ चाललाय."

भांड की गं

पुढचे महिने मी पहारेकरी झाले. पाण्याची घागर उचलायची नाही, पायरी भरभर उतरायची नाही, मोठ्याने हसायचं नाही. मास्तरांची शाळेतली नोकरी सुटली. मी आवाज चढवत नव्हते, रुसत नव्हते, भाजीत मीठ कमी झालं तर माफी मागत होते. घर कसं दवाखान्यासारखं स्वच्छ आणि ओसाड.

एक दिवस जेवताना मास्तर म्हणाले, "तू माझ्याशी भांड की गं. मी अजून मेलो नाही."

मग मी भांडले. वांग्याच्या भाजीवरून सुरुवात केली, ती त्यांच्या आत्याने लग्नात दिलेल्या विरलेल्या लुगड्यापर्यंत गेले. लई बरं वाटलं दोघांना. सुनेला मी हेच सांगते, आजारी माणसाशी भांडत जा. त्याला कळतं, आपल्याला अजून माणसात धरलंय.

दुपारी ते फीत काढायचे आणि मला मास्तरकी करायचे. "यात लहान उंचवटा शोध." मी म्हणायची, इथे नाहीच. "आहे. टोकाच्या पोटात बघ. मागचं अंतर मोज, तेवढंच पुढे ठेव." मी बोटाने माप घेऊन सरकायची आणि खरंच टोकाच्या उतारावर एक बारीक फुगवटा सापडायचा. त्यांना केवढा आनंद व्हायचा! स्वतःच्या मोडलेल्या काळजावर शिकवणी घेणारा दुसरा मास्तर मी पाहिला नाही.

झोपेत मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवायची. ठोका पडायचा. मग मी वाट बघायची. त्या मधल्या रिकाम्या जागेत मी म्हातारी झाले. वरचं सगळं वय नुसतं दाखवायला आहे.

शेंगा

उन्हाळा लागत होता. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर आलेलं. मास्तर गिरिजाला शेंगा फोडून देत होते. मामंजी पलीकडे जोड्याला तेल लावत होते. मी आत भाकरी थापत होते. शेंगांचा आवाज येत होता, टच, टच. मग आला नाही.

बाहेर आले तर मास्तर कुशीवर कलंडलेले. तोंड राखेसारखं. मला सवय होती. मी डोकं सरळ केलं, गुंडी सोडली आणि चेहऱ्याकडे बघत बसले. आता लाल होईल. आता डोळे उघडतील आणि विचारतील.

मामंजी जोडा टाकून आले. गुडघ्यावर बसले. इतक्या महिन्यांनी त्यांनी आपल्या मुलाला हाक मारली.

"मल्लू! आरं मल्लू! मी हाय की रं हितं!"

लाली आली नाही. गिरिजाने एक दाणा उचलून त्यांच्या ओठाला लावला.

त्यानंतर

लोक बोलायला येतात तसे आले. काठी नाकारली म्हणून देव कोपला, असंही एक-दोघी बोलल्या. नरसम्माने त्यांना दारातच गाठलं. "तोंड हाय का गटार? मानूस दुसऱ्याची लेकरं वाचवून मेला. चला, उठा!" तिच्या तोडक्या मराठीत केवढी ताकद होती. ती रोज येऊन गिरिजाला घेऊन जायची, आणि बांगड्या उतरलेल्या माझ्या ओक्या मनगटाकडे न बघता माझ्याशी बोलायची. ते तिचं न बघणं मी विसरले नाही.

मामंजी कुणाशीच बोलत नव्हते. तालमीत जाणं सोडलं. मी स्वतःला शिव्या देत होते. दोन वर्षं आधी ती नाडी डॉक्टरला दाखवली असती तर! डॉक्टर भेटायला आले तेव्हा तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, दोन वर्षं आधीही माझ्याकडे याहून वेगळं काही नव्हतं. खरं असेल. मला अजून पुरतं पटलेलं नाही, पण त्यांनी ते सांगायला माझ्या घरी यावं, ही गोष्ट मी उशाशी ठेवून झोपत असे.

दिवस-बिवस सगळे झाल्यावर एका दुपारी मी मास्तरांच्या वस्तू पेटीत ठेवत होते. टोपी, धोतरजोडी, खडू. फितीचं पाकीट हातात आलं. जाळावं की ठेवावं कळेना. मी ती उलगडून मांडीवर धरली होती, तेवढ्यात मामंजी आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. या कागदाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. आता त्यांनी हात पुढे केला. मी दिली. त्यांनी ती उलटी धरली होती, मी सुलटी करून दिली. त्यांचा जाड अंगठा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर हळूहळू सरकत गेला.

मी म्हटलं, "मामंजी, त्यात वाचण्यासारखं काही नाही हो."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले,

"वाचू नगंस, सूनबाई. ह्या कागदावर माजा मल्लू कुटपत्तर जित्ता हाय, तेवडं बोटानं दाव."